गल्लीतली मांजर: ओळख, मैत्री आणि त्यापुढचं

नागपुरात असा ले-आऊट सापडणं कठीण, जिथे कुणाच्या ना कुणाच्या कंपाउंड वॉलवर मांजर बसलेली दिसत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. धरमपेठेत बंगल्यांच्या मागच्या बोळी त्यांच्याच. मनीषनगर-बेसा भागात नवी फ्लॅट स्कीम उभी राहत असली, की सिमेंटच्या पोत्यांमागे मांजर व्याली हे चौकीदाराला सगळ्यात आधी कळतं. या मांजरींशी मैत्री करावी असं पुष्कळांना वाटतं, पण सुरुवातच उलटी होते. पहिल्याच दिवशी वाटीभर दूध आणि लगेच डोक्यावर हात. मांजर फिसकारते, पळते, आणि "जंगली आहे ती, तिच्या नादी नको लागू" असं सांगून घरातलं कुणीतरी मोकळं होतं.

एखादी मांजर माणसाच्या किती जवळ येईल, हे बरंचसं तिच्या आयुष्याच्या पहिल्या दोन महिन्यांत ठरून गेलेलं असतं. ते आपल्याला बदलता येत नाही. आपल्या हातात असतो तो रोजचा नेम. म्हणून आधी ती कोण आहे हे ओळखायचं, तिला झेपेल तेवढीच मैत्री मागायची, आणि ती जमली की पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं तिचं ऑपरेशन, लस, उन्हाळ्याचं पाणी या गोष्टी अंगावर घ्यायच्या. नुसतं खायला घालायचं आणि पुढचं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

पहिले काही दिवस नुसतं बघा

गल्लीत फिरणारी मांजर तीनपैकी एक असते. कुणाची तरी पाळलेली, जी दुपारी पाय मोकळे करायला बाहेर पडते. किंवा कधीकाळी घरात राहिलेली पण आता बेवारस झालेली: भाडेकरू घर बदलून गेले, सांभाळणाऱ्या आजी वारल्या, पिल्लू मोठं झाल्यावर कुणी नेऊन सोडलं. किंवा मग रस्त्यावरच जन्मलेली आणि माणसाचा हात कधीच न लागलेली. पिल्लाला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा सहवास मिळाला तर ते माणसाळतं. तो काळ निसटला, की पुढे माणूस तिच्या लेखी धोकाच राहतो. या तिसऱ्या मांजरीला मी रानटी म्हणणार आहे. त्यात तिचा दोष नाही.

दिवसाउजेडी उघड्यावर बसणारी, तुमच्याकडे बघून म्याव करणारी, शेपटी वर करून चालणारी मांजर बहुधा माणसाळलेली असते. मोठी झालेली मांजर म्याव करते ती मुख्यतः माणसाशी बोलायला. रानटी मांजर माणसाला पाहून सहसा आवाज काढत नाही. ती भिंतीच्या कडेकडेने, पोट जमिनीला टेकवत जाते, आणि बहुतेक पहाटे किंवा अंधार पडल्यावरच दिसते. अंगावरच्या केसांवरून फसू नका. रानटी मांजर बरेचदा स्वच्छ असते, कारण तिला तिचं जगणं जमलेलं असतं. घर सुटलेली मांजरच मळकी, केसांच्या गाठी झालेली, हाडं निघालेली दिसते.

एकदा बघून निकाल देऊ नका. घाबरलेली घरची मांजर हुबेहूब रानटीसारखी वागते, विशेषतः पिंजऱ्यात सापडल्यावर. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून आठवडाभर पाहा. ती कुठून येते, कुठे जाते, कुणाच्या दारात थांबते, तुम्ही दिसल्यावर किती अंतरावर थबकते. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे त्याचाच उपयोग होणार आहे.

ती कुणाची आहे का, हेही विचारून घ्या. इस्त्रीवाले, दूधवाले, कचरागाडीवाले दादा आणि खालच्या मजल्यावरच्या काकू यांना गल्लीतल्या सगळ्या मांजरी ठाऊक असतात. मांजर हात लावू देत असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. कागदाची पातळ पट्टी घ्या, त्यावर "ही मांजर तुमची आहे का? कृपया फोन करा" असं लिहून नंबर टाका, आणि ती गळ्यात सैल अडकवून टोकं सेलोटेपने चिकटवा. कागदच हवा, म्हणजे कुठे अडकला तर फाटेल. दोरी किंवा रिबीन कधीच नको. पट्टी गेली पण फोन आला नाही, तर पुन्हा एकदा बांधून पाहा.

अंगावरच्या खुणा

आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर तिचं निर्बीजीकरण झालेलं आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच ही खूण करतात. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा कापलेला कान नीट सपाट दिसतो.

रुंद गालांचा, जाड मानेचा, कानांवर ओरखडे असलेला दिसला तर तो ऑपरेशन न झालेला बोका. भिंतीवर शेपटी थरथरवत उग्र वासाची फवारणी करतो तोही हाच. पांढऱ्यावर काळे-भगवे ठिपके असलेली, जिला आपण कबरी म्हणतो, ती जवळजवळ नेहमी मादीच असते. पूर्ण भगव्या मांजरींत दर पाचांत साधारण चार बोके निघतात.

पोटाखाली आचळं ओढलेली, त्यांच्या भोवतीचे केस गेलेले दिसले तर तिची पिल्लं जवळपास कुठेतरी आहेत. अशा मांजरीला पकडून डॉक्टरकडे नेण्याची घाई करू नका. पिल्लं उपाशी मरतील. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला, नाक वाहणारं, तोंडातून लाळ, खाताना मान वाकडी करून अन्न खाली टाकणं, ही आजारपणाची लक्षणं आहेत. अशी मांजर चिडकी वाटली तरी तिचा स्वभाव ठरवू नका, तिला दुखतंय.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोरेवाडा, हिंगणा, वाडी, बेसा भागात शेतालगत सापडलेलं "मांजरीचं पिल्लू" रानमांजराचं असू शकतं. रानमांजर उंच पायांचं असतं, शेपटी आखूड आणि टोकाकडे काळी वलयं, कानांच्या टोकाला केसांचा छोटा झुपका. वाघाटी तर जगातल्या सगळ्यात लहान मार्जारांपैकी एक, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. त्यामुळे ती घरच्या पिल्लासारखीच वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हे प्राणी संरक्षित आहेत. पिल्लू उचलू नका, आई बहुधा जवळच असते. खरंच अडचण दिसली तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जखमी वन्यप्राण्यांसाठी सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

खायला काय, किती, कुठे

दूध नको. मोठ्या मांजरींपैकी बऱ्याच जणींना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि उन्हाळ्यात जुलाब म्हणजे जिवावरचं दुखणं. दूध-पोळीवर मांजर जगताना दिसते, पण ती उंदीर, पाली, कचऱ्यातलं मांस यांवर भागवत असते. मांजरीला टॉरिन नावाचा घटक मांसातून मिळावाच लागतो. तो कमी पडला तर हृदय आणि डोळे खराब होतात. म्हणून नुसती पोळी-भात नको आणि कुत्र्यांचं ड्राय फूडही नको.

सगळ्यात सोयीचं म्हणजे मांजरीचं ड्राय फूड. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं. घरी करायचं तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, हाडं काढून. शिजलेल्या हाडांच्या कपच्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. उरलेला सावजी रस्सा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, तिखट तेलाचं तर सोडाच. घरात मांसाहार चालत नसेल तर ड्राय फूड आणा, मोठ्यांची कटकट होत नाही.

वेळ एकच ठेवा, जागा एकच, भांडं एकच. सकाळी सात म्हणजे सात. मांजर घड्याळ लवकर शिकते, आणि तुमच्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नसतो. भांडं ठेवून अर्ध्या तासाने उचला. दिवसभर पडून राहिलेल्या अन्नावर कुत्री, कावळे, घुशी येतात आणि मग शेजारी तक्रार करतात, जी रास्तच असते. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: परातीत बोटभर पाणी घालून मधोमध वाटी. गल्लीत कुत्री असतील तर भांडं सज्ज्यावर, टिनाच्या शेडवर किंवा जिन्याखाली अशा ठिकाणी ठेवा, जिथे मांजर उडी मारून पोहोचेल पण कुत्रं नाही. तिला पळायला दोन वाटा हव्यात. कोपऱ्यात ठेवलेल्या वाटीपाशी भित्री मांजर येतच नाही.

अंतर कमी करणं

सुरुवातीला वाटी ठेवून निघून जा. ती तुम्ही वळल्याबरोबर खायला लागली की पुढची पायरी: तिच्या थबकण्याच्या अंतराहून थोडं लांब, जमिनीवर किंवा पाटावर बसा. उभा माणूस तिला प्रचंड वाटतो. तिच्याकडे तोंड करून बसू नका, बाजू तिच्याकडे असू द्या. फोन बघा, मेथी निवडा, पेपर वाचा. तिच्यावर नजर रोखणं मात्र टाळा, कारण मांजरींमध्ये टक लावणं ही धमकी असते.

नजरानजर झालीच तर डोळे हळूच अर्धे मिटा, क्षणभर तसेच ठेवा, हळू उघडा आणि मान वळवा. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून प्रसिद्ध केलं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरीही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने असं केल्यावर त्याच्या जवळ जायला जास्त तयार होतात. गल्लीतल्या बुजऱ्या मांजरींवर हे हमखास चालतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्यांदा उत्तर म्हणून डोळे मिटले गेले, की त्या दिवशी तिथेच थांबा आणि उठून जा. तिला हवंहवंसं वाटत असतानाच भेट संपली पाहिजे.

हाक एकच ठेवा. "मनी, मनी", "माऊ ये", नुसतं प्स-प्स, काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तीच मारायची, तीही वाटी ठेवतानाच. मुलांना सामील करून घ्यायचं तर सुरुवातीला लांबून, एका वेळी एकाला. पळत येणारा मुलगा आठवड्याची मेहनत एका क्षणात घालवतो.

दर दोन-तीन दिवसांनी वीतभर जवळ सरका. ती खाणं थांबवून बघायला लागली तर तुम्ही जास्त सरकलात. पुन्हा मागे जा. कानांकडे लक्ष ठेवा. कान पुढे आणि मिशा सैल असतील तर ठीक. कान बाजूला वळून सपाट होत असतील, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, शेपटीचं टोक जमिनीवर आपटत असेल, तर त्या दिवशी पुरे. उंच उभारलेली शेपटी, टोक प्रश्नचिन्हासारखं वाकलेलं, हे सरळ सरळ स्वागत आहे.

वेळ किती लागेल? घर सुटलेली मांजर कधी कधी आठवड्यातच मांडीवर येते. बुजरीला महिने लागतात. खरोखर रानटी असलेली मोठी मांजर कधीच हात लावू देणार नाही. दोन हात अंतरावर बसून जेवेल, तुमची चाहूल ओळखेल, इतर कुणासमोर येणार नाही. ही मैत्रीच आहे आणि तिच्यासाठी ती पूर्ण आहे. तिला घरात कोंडून "सवय लावण्याचा" प्रयत्न क्रूरपणा ठरतो.

पहिला स्पर्श

ती तुमच्या पायाजवळ जेवायला लागल्यावरच याचा विचार करा. हात मुठीत ठेवून एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर, तिच्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि थांबा. बोट तिच्याकडे न्यायचं नाही, ती बोटाकडे आली पाहिजे. आमच्या गल्लीतली कबरी आधी मान लांब करून हुंगायची, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत तसेच. मग एका सकाळी तिने नाक टेकवलं, ओलसर आणि थंड, आणि लगेच गाल बोटावर घासला. मांजरीच्या गालांवर, कानशिलांवर, हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. गाल घासून ती आपला वास तुमच्यावर लावते. ही परवानगी समजा.

आता गालाला आणि हनुवटीखाली दोनदा-तीनदा हलकं खाजवा आणि हात मागे घ्या. ती पुन्हा पुढे आली तर आणखी. डोक्यावरून हात आणू नका, वरून येणारी वस्तू तिच्यासाठी घार असते. पोट आणि शेपटी वर्ज्य. ती लोळून पोट दाखवते तेव्हा विश्वास दाखवत असते, पण तिथे हात लावायचं आमंत्रण नसतं. पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरली, शेपटी फटकारली, मान झटकन हाताकडे वळली, तर हात तिथेच स्थिर करून सावकाश काढा. झटक्याने ओढलेल्या हातावर नखं उमटतात. हाताने खेळवूही नका; लांब काडीला दोरी बांधून खेळवा, म्हणजे हात शिकार ठरत नाही.

फार बुजऱ्या मांजरीसाठी लांब काठीला चमचा बांधा आणि त्यावर चिकनचा लगदा द्या. मग काठी दिवसागणिक आखूड धरत जा.

पिल्लं सापडली तर

थांबा. एकटी दिसणारी पिल्लं सहसा पोरकी नसतात, आई खाणं शोधायला गेलेली असते. लांबून पाहा. ते जमत नसेल तर पिल्लांच्या जागेभोवती कणकेची पातळ रेघ ओढा. काही तासांनी त्यावर मोठ्या पंजांचे ठसे दिसले म्हणजे आई येऊन गेली. पिल्लं थंड पडली असतील, सतत ओरडत असतील, मुंग्या लागल्या असतील, तर मात्र वाट पाहू नका. आधी ऊब द्या, मग खाणं, कारण थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचं दूध नको, मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. तीन आठवड्यांखालच्या पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकं पुसून करवावी लागते.

पिल्लं माणसाळवायची तर पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास, स्वतःचं खायला लागल्यावर, रोज थोडं थोडं हाताळा. चार महिन्यांपलीकडे हे काम फार अवघड होतं.

ऑपरेशन

मादी चार-पाच महिन्यांचीच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. तुमच्या वाटीतल्या अन्नाने तिची तब्येत सुधारते, म्हणजे पिल्लंही जास्त होतात. नागपुरात थंडी ओसरली की रात्री बोक्यांच्या हाका सुरू होतात, आणि त्यानंतरची पिल्लं ऐन एप्रिल-मेच्या भट्टीत जन्मतात. त्यांतली किती वाचतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. खायला घालत असाल तर ऑपरेशन कराच, आणि शक्य तर नोव्हेंबर ते जानेवारीत उरकून घ्या.

तयारी आधीच्या दोन-तीन आठवड्यांपासून करा. झाकण उघडं ठेवलेला कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची जाळीदार पेटी, जेवणाच्या जागी ठेवा, आधी त्याच्याजवळ वाटी, मग दारात, मग आत. आत जुना टॉवेल घाला, तो धुऊ नका, त्यावर तिचा वास बसू द्या. कॅरियर नसेल तर प्लास्टिकच्या दोन जाळीदार टोपल्या एकमेकींवर पालथ्या घालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधल्या तरी काम भागतं. पोतं कधीच वापरू नका. रानटी मांजरीला दार आपोआप पडणारा पिंजराच लागतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे तो मागता येतो. सापडल्याबरोबर पिंजऱ्यावर चादर टाका, अंधार झाला की ती शांत होते.

डॉक्टरांशी आधी बोला: किती तास उपाशी ठेवायचं, कानाची खूण कराल का, टाके आपोआप विरघळणारे घालाल का. गल्लीतल्या मांजरीला टाके काढायला पुन्हा पकडणं बहुधा जमत नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शिवाय प्रत्येक भागात खाजगी पशुवैद्यक आहेत. त्याच भुलीत रेबीजची आणि मांजरींच्या तीन आजारांची एकत्र लस, जंताचं औषध, पिसवांचं औषध देता येईल का तेही विचारा.

बोक्याला एक रात्र आणि मादीला तीन-चार दिवस बंद, थंड, कोरड्या खोलीत ठेवा. मग जिथून आणली तिथेच सोडा. "लांब फुटाळ्याला नेऊन सोडू, तिथे मासे मिळतील" असलं काही करू नका. अनोळखी हद्दीत मांजर उपाशी राहते, तिथल्या मांजरींचा मार खाते, परतायच्या नादात रस्त्यावर चिरडते.

घरात आधीची मांजर असेल तर नवीला निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. पॅनल्यूकोपेनिया नावाचा आजार लस न घेतलेल्या पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो, आणि त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो.

मनाने औषध देऊ नका. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचीडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषधही तसंच घातक आहे.

चावली, ओरबाडलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. दंडात सुई असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते स्वतःहून विचारा. मांजर ओळखीची असली आणि दहा दिवस नजरेसमोर राहणार असली, तरी लस त्याच दिवशी सुरू करा. मांजरीचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम मिटते आणि आत पू होतो. सूज, लाली चढत असेल तर पुन्हा डॉक्टर गाठा.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजरीची शी त्यांनी उचलू नये. बाकी मांजर जवळ असण्याने बाळाला धोका होतो, ही भीती अवास्तव आहे.

नागपूरचा उन्हाळा

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि दर नवतपात पंचेचाळिशीच्या आसपास आपण असतोच. मार्चपासून मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा, एक नाही, दोन-तीन ठिकाणी सावलीत, वाटीपासून जरा लांब. रोज बदला, डास होणार नाहीत. मांजरी कूलरखालच्या ओल्या जागेत झोपतात, टाकीतलं पाणीही पितात, म्हणून कूलरचं अर्थिंग नीट आहे का ते आधी तपासा. लोखंडी कूलरचा शॉक माणसांनाही लागतो.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ती जिवावरची वेळ आहे. कुत्र्यासारखी ती सहज धापा टाकत नाही. तिला सावलीत आणा, साध्या पाण्याने पंजे, पोट, कान ओले करा, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको. उन्हाळ्यात दवाखान्याच्या फेऱ्या सकाळी नऊच्या आत करा.

पावसाळ्यात थर्माकोलचा खोका, एका बाजूला मांजरीपुरतं भोक, खाली दोन विटा. डिसेंबर-जानेवारीत त्यात वाळलेलं गवत किंवा तणस घाला. कापड ओलं राहतं. थंडीच्या सकाळी कार सुरू करण्याआधी बोनेटवर दोनदा थाप मारा, कारण उबेसाठी मांजरी इंजिनजवळ चढून झोपतात.

शेजारीपाजारी

"तुमची मांजर रोज माह्या गाडीवर बसते नं बाप्पा, सीट फाडली तिनं!" हे कधीतरी ऐकावं लागणारच. वाद घालू नका. जाड कव्हर आणून द्या, किंवा निदान सीटवर टाकायला गोणपाट. कुणाच्या कुंडीत घाण होत असेल तर आपल्या बाजूला आडोशाला टबभर रेती ठेवा आणि रोज साफ करा. मांजरी कोरडी रेती निवडतातच. काकूंना सांगा की हिचं ऑपरेशन झालंय, आता रात्रीचं रडणं नाही, पिल्लं नाहीत. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

कायद्याचं थोडक्यात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी खायला घालण्यावर जे निर्बंध आणले, ते मोकाट कुत्र्यांबद्दल होते, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मांजरींचा त्यात विषय नव्हता. तरीही शक्यतो आपल्या आवारातच खायला घाला. प्राण्याला विष घालणं, जखमी करणं, मारणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि छळासाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कुणी पोत्यात भरून नेण्याची भाषा करत असेल तर हे शांतपणे कानावर घाला.

दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाणार असाल तर जायच्या आठवडाभर आधी वाटी ठेवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन बसा, म्हणजे मांजर त्याला ओळखेल. वाटी कुठे, किती फूड, पाणी कुठे, तुमची हाक कोणती आणि पशुवैद्यकांचा नंबर हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मांजरीला हात लावायचा प्रयत्न करू नका, हेही त्यातच लिहा.